दाखल-खारीज

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार. नळदुर्ग

नवं गाव, नवी नोकरी आणि ही नवी वही, तिन्हींचा मुहूर्त आज एकदमच लागला. तुळजापूरच्या मोटारीतून साडेनऊला उतरलो तेव्हा अंगावर इतकी धूळ होती की शिपाई शिवलिंगप्पानं आधी माझी ट्रंक झटकली आणि मग मला झटकलं. मोटार ऑफिसच्या दारातच थांबते, हे एक सुखच म्हणायचं. ऑफिस म्हणजे निजामाच्या वेळची करोडगिरीची चौकी. सोलापूरकडून येणाऱ्या मालावर इथं जकात घ्यायचे. आता जकात गेली, चौकी राहिली. भिंती दोन हात जाड असल्यामुळं दुपारीही आत गारवा असतो. समोर रस्ता, त्यावर मालट्रकची रांग, आणि पलीकडं किल्ल्याचा बुरूज.

साहेबांचं नाव राघवेंद्रराव. वय साठीचं. हैदराबादला टेलिफोन खात्यात इंजिनियर होते. ‘या गोपाळकृष्णपंत’ म्हणत उठून उभे राहिले. कारकुनासाठी खुर्चीतून उठणारा साहेब मी आज पहिल्यांदा पाहिला. पाच मिनिटांनी त्यांनी माझं नाव पुन्हा विचारलं, पण एवढं चालायचंच.

काम मजेचं आहे. जमिनीची जुनी दप्तरं उर्दूत आहेत. त्यातली निम्मी पोलीस ॲक्शनच्या गडबडीत जळाली, उरलेली वाळवीनं खाल्ली. कुणाचं शेत कुठवर आणि बांध कुणाचा, हे आता फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. त्यांना बोलवायचं, पन्नास प्रश्न विचारायचे आणि ते सांगतील ते कळा दाबून जाड कार्डांवर भोकं पाडून उतरवायचं. ही कार्डं जातात आतल्या खोलीतल्या यंत्रात. भिंतभर लोखंडी कपाटं, हजारो तारा, मागं डिझेलचं इंजिन आणि एका टोकाला मराठी टाइपरायटर. प्रश्न टाइप केला की कपाटांत टकटक होते आणि टाइपरायटर आपला आपण उत्तर लिहितो. साहेब त्याला कृत्रिम बुद्धी म्हणतात. गावात त्याचं नाव जाणता पडलंय, आणि शिवलिंगप्पा त्याला रोज हळदकुंकू वाहतो.

सौ. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आहे. तिला लगेच पोस्टकार्ड टाकलं, बारसं होऊन अंगात ताकद आली की ये, मोटार ऑफिसच्या दारातच थांबते. पत्ता पाठच आहे. या वहीत सौ. एवढंच लिहीत जाईन. नाव लिहायची चोरी वाटते. आमच्याकडं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मी तिला ‘अगं’ म्हणतो, ती मला ‘आवो’. लग्नात नाव घ्यायला सगळ्यांनी अडवलं तर ती लाजून मागच्या दारानं पळाली होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज रीत शिकलो. साहेबांनी हे यंत्र महसूल खात्यातल्या एका जुन्या रिवाजावर बांधलंय. जमिनीचा फेरफार होतो तेव्हा नव्या मालकाचं नाव दाखल होतं आणि जुन्याचं खारीज. एका शेताला एका वेळी दोन मालक नसतात. साहेबांचं म्हणणं, माहितीचंही तसंच असावं. ती दोन जागी राहिली की भांडणं लागतात. म्हणून कार्ड झालं की मूळ कागद खारीज. टेबलावरचे असे कागद शिवलिंगप्पा उचलतो आणि चुलीत घालून त्यावर चहा करतो. चहाला निजामशाहीची चव येते असं मी म्हणालो. साहेब हसले.

सरावासाठी मला माझीच माहिती द्यायला सांगितली. सांगणाऱ्यानं मोठ्यानं बोलायचं आणि त्याच वेळी कारकुनानं कळा दाबायच्या, असा नियम. पहिलाच प्रश्न कुटुंबाचं नाव. माझे कान तापले. साहेबांनी समजून तोंड खिडकीकडं फिरवलं, तेव्हा कुठं भिंतीला जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू बोललो. मग सासऱ्यांचं नाव, त्यांचं गाव, लग्नाची तिथी. चार कार्डं आत गेली, टकटक झाली आणि टाइपरायटरनं लिहिलं, दाखल. डोकं एकदम हलकं झालं. शिवलिंगप्पा म्हणाला, ‘पहिल्या दिवशी समद्यास्नी तसंच हुतंय बगा. लई बरं वाटतंय.’

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस आण्णासाहेब पाटील येत होते. बोरी नदीकाठचे, पंच्याहत्तरीचे, मिशा अजून राखलेल्या. काय ती स्मरणशक्ती. कुठल्या बांधावरचं कडुलिंब कुणाच्या आज्यानं लावलं, कुठल्या विहिरीवरून कोण कुणाशी बोलत नाही, सगळं हातवारे करून सांगितलं. मी दोनशे दहा कार्डं केली. बोटं सुजली, पण असा माणूस ऐकायला मिळणं हे भाग्यच.

आज काम संपल्यावर ते पायरीवर बसून राहिले. मी बाहेर आलो तर विचारलं, आमचं गाव कुठल्या अंगाला म्हणायचं? मी चेष्टा समजून म्हणालो, पाटील, ते आता जाणत्याला विचारा. ते हसले नाहीत. शेवटी शिवलिंगप्पाला बरोबर देऊन बैलगाडीत बसवलं. वाटेत त्यांनी बैलांची नावं विचारली म्हणे, आणि बैल त्यांचेच होते.

शिवलिंगप्पाला सहज विचारलं, तुम्हाला मुलंबाळं किती? तो म्हणाला, ‘असतील की.’ मी दिवसभर हसत होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी झाली. शनिवारीच झाली, मेव्हण्याचं पत्र आज आलं. दोघी सुखरूप. नाव काय ठेवायचं ते बारशाच्या आत कळवा, असं लिहिलंय. आमचं तर आधीच ठरलंय, मुलगी झाली तर आत्याचं नाव, अनसूया. आईबाप मला आठवत नाहीत. आत्यानं वाढवलं, स्वतः अर्धी भाकरी खाऊन मला शिकवलं, आणि माझं लग्न पाहून गेली. आज ती हवी होती. गावातून पेढे आणून वाटले, साहेबांना पत्र वाचून दाखवलं. पत्र टेबलावर आहे. उद्या उत्तर लिहितो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पत्र गेलं. टेबलावरचे कागद नेहमीप्रमाणं चुलीत गेले, त्यात तेही. शिवलिंगप्पावर चिडलो, मग वाटलं, त्यात काय, पत्ता पाठच आहे. पाकीट घेतलं. ‘रा. रा.’ असं लिहिलं. पुढं सासऱ्यांचं नाव आठवेना. बरं, गाव लिहू आधी. गावही आठवेना. घरामागं नदी आहे, हे दिसतं. नदीला काय म्हणतात कोण जाणे.

हसलो. पेढ्यांची नशा म्हटलं. मग सहज मनात तिचं नाव घ्यायला गेलो.

काही नाही. दात पडल्यावर जीभ तिथं जावी आणि रिकामं लागावं, तसं. चेहरा दिसतो. कपाळावरचा देवीचा वण दिसतो. हाक मारायला शब्द नाही. ही वही पहिल्या पानापासून चाळली. सगळीकडं सौ., सौ., सौ. या जन्मात मी ते नाव एकदाच तोंडानं घेतलं, आणि ते त्या कपाटासमोर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आण्णासाहेबांच्या पत्नी कडूबाई आल्या, पायी. पायरीवर बसून बोलत राहिल्या. ‘साहेब, पन्नास वर्सं संसार केला. सकाळी भाकर वाढली तर म्हन्त्यात, बाई तुमी कुनाच्या? माझ्यापुढं पदर घिऊन बसा म्हन्त्यात.’ त्यांना वाटतं आम्ही काही खायला घातलं. मी म्हणालो, फक्त विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मग जे इचारलं ते त्या कपाटातनं काढा आन् ह्यांच्या डोस्क्यात घाला.’

मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. दोनशे दहा कार्डं माझ्या या बोटांनी केली. माझी चार.

३ मार्च, सोमवार

साहेबांना सरळ सांगितलं, यंत्र थांबवा, आतलं परत काढा. ते फार शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की हे कसं बांधलंय ते त्यांना ठाऊक नाही. सगळ्यात पहिली माहिती त्यांनी तीच दिली होती. यंत्र चालतं एवढं समजतं. फारच अडलं तर त्यालाच विचारा म्हणाले.

त्यांच्या टेबलावर एका बाईचा फोटो आहे, नऊवारी, नाकात नथ. मी विचारलं, या कोण? ते म्हणाले, टेबलाबरोबर आला असावा.

६ मार्च, गुरुवार

आज बारसं असणार. माझं पोस्टकार्ड तिच्याकडं आहे, ये म्हणून लिहिलेलं. ती येणार आणि या दारातच उतरणार. तिला थांबवायलाच हवं. माझं जे गेलं ते गेलं. मला न ओळखणारा नवरा तिनं बघू नये, आणि या खोलीत तर तिनं पाऊल टाकू नये. त्यासाठी पत्ता हवा, आणि पत्ता फक्त त्याच्याकडं आहे.

दुपारी विचारलं, माझ्या सासऱ्यांचं नाव काय? टकटक. टाइपरायटरनं लिहिलं, एक दाखल करा.

आण्णासाहेबांचं त्यानं फुकट खाल्लं. माझ्याकडं मात्र मोल मागतो, कारण त्याला कळलंय मला किती हवंय. काय देऊ? ठिगळ लावलेली चोळी, चुलीपुढं बसून मला पाढे म्हणायला लावणं, तापात रात्रभर कपाळावर हात. सांगत गेलो, कळा दाबत गेलो. दाखल. मग एका ओळीत सासऱ्यांचं नाव आलं. ते पाकिटावर लिहिलं.

मागं २५ तारखेला लिहिलंय, आत्यानं वाढवलं. अक्षर माझंच. डोळ्यांत पाणी का येत नाही याचीच भीती वाटते. गाव उद्या विचारीन. आज आणखी देण्यासारखं —

८ मार्च, शनिवार

आजचा दिवस छान गेला. सकाळी वही खोलीवर विसरून ऑफिसला गेलो होतो. गाव विचारायचं होतं, आणि जाणत्यानं पुन्हा एक दाखल मागितलं. या वेळी मी हुशारी केली. जवळचं काही दिलंच नाही. गेले दहा दिवस छातीत जी धडधड बसलीये, जेवण जात नाही, ती भीतीच देऊन टाकली. सगळी, कारणासकट, सांगून टाकली. काय हलकं वाटलं म्हणून सांगू. त्यानं इमानदारीत गावाचं नाव दिलं.

समोर पत्ता लिहिलेलं पाकीट होतं, आत कागद कोरा. सासुरवाडीला काय लिहायचं असतं? इकडील सर्व क्षेम, तिकडील कळावे. मुलीला आशीर्वाद. त्यांना घेऊन लवकर यावे, वाट पाहतो. पाकीट डिंकानं बंद करून पेटीत टाकलं. परत येताना भजी खाल्ली. आता सवयीनं मागची पानं वाचायला घेतो.

वाचली.

अरे देवा. मी तिला बोलावलं.

१० मार्च

काल रविवार, पोस्ट बंद. आज मास्तरांच्या पाया पडलो. टपाल शनिवारीच गेलं. तारेनं कळवा म्हणाले, पत्ता सांगा. पत्ता पाकिटावर गेला, आणि एकदा दाखल झालेलं परत वाचलं तरी डोक्यात टिकत नाही. इथं लिहून ठेवला नाही. कारण मला तेव्हा कसलीच भीती नव्हती.

मोटारीच्या तिकिटांच्या खिडकीशी उभा राहिलो. कुठलं तिकीट, म्हणून विचारलं. मागं रांग होती. नदीकाठचं एक गाव, म्हणालो. लोक हसले.

१९ मार्च

पहार घेऊन आत गेलो. उचललीही. मग वाटलं, ती यातच आहे. तिचं नाव, लग्नाची तिथी, आत्या, सगळं. हे फोडलं तर ते माझ्याकडं परत येणार नाही, कुठंच राहणार नाही. पहार खाली ठेवली.

टाइपरायटरनं न विचारता लिहिलं, एक दाखल करा.

२ एप्रिल

शेवटी तिचं नाव विचारलं. आईबापांचं जे काही पुसट असेल ते, त्यांनी ठेवलेलं माझं नाव, शाळा, तुळजापूरच्या घाटाची वाट, सगळं दिलं. चिठ्ठी आली. तीन अक्षरं. वाचली, पुन्हा वाचली. काही वाटलं नाही. कुणातरी बाईचं नाव.

इथं उतरवून घ्यायला वही उघडली, पण लिहवेना. परक्या बाईचं नाव आपल्या रोजनिशीत कसं लिहायचं? शोभत नाही. थोड्या वेळानं मागची पानं वाचून कळलं तेव्हा धावत ऑफिसात गेलो. चिठ्ठी टेबलावर ठेवली होती. शिवलिंगप्पा चहा गाळत होता.

१४ एप्रिल

दारावर कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत — लेकरू घेऊन बाई आल्यास आत येऊ देऊ नये. तिला बोलू देऊ नये.

शिवलिंगप्पाला बजावलं. तो व्हय म्हणाला. मग कुठल्या बाईला, म्हणाला.

सकाळी उठून आधी ही वही वाचायची. आधी वही. आधी —

१८ एप्रिल

दारावरचा कागद नाही. चूल पेटलेली.

दुसरा लिहायला बसलो. काय लिहायचं होतं ते

२१ एप्रिल, सोमवार. दुपारी, ऑफिसात

अकराच्या मोटारीनं एक बाई आली. कडेवर दोन महिन्यांचं मूल. दारात उभी राहून हसली, मग हसू गेलं. ‘आवो,’ म्हणाली. मी रीतीप्रमाणं खुर्ची दिली आणि फॉर्म घेतला. हल्ली साक्षीला कुणी येत नाही, त्यामुळं बरंच वाटलं.

ती खूप रडली. मला काही आठवत नाही का म्हणून विचारत राहिली. मग म्हणाली, आठवून देते, ऐका. तेरचं घर, मागं तेरणा, मांडवात पडलेला पाऊस, मागच्या दारानं पळाली ते. अंगाईसारखं सांगत होती. मी कळा दाबत होतो. बोटांना सवय आहे. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, तेही कार्डावर घेतलं. मुलीचं बारसं राहिलंय म्हणाली, नाव कळवलंच नाही कुणी, पण ठरलेलं होतं, अनसूया. तेही घेतलं.

बोलता बोलता तिचा आवाज संथ होत गेला. मध्येच एकदा घाबरली, मला काय होतंय म्हणाली. मी म्हणालो, पहिल्या दिवशी सगळ्यांना तसंच होतं.

शेवटी नवऱ्याचं नाव. बायका ते घेत नाहीत, मला ठाऊक आहे. कधीच घेतलं नाही म्हणाली, लग्नातसुद्धा नाही. मग माझ्याकडं बघून, आता घेतलं तर ओळखाल का, म्हणाली. आणि घेतलं. स्पष्ट. गोपाळकृष्ण.

दाखल.

आता ती शांत बसली आहे. मांडीवरच्या मुलाकडं बघून मला विचारलं, हे कुणाचं? मी म्हणालो, तुमच्याबरोबर आलं. ती म्हणाली, नाही, मला वाटलं तुमचं. अलगद टेबलावर ठेवलं. मूल रडतंय. शिवलिंगप्पा टेबलावरचे कागद उचलायला आलाय.

लिहून ठेवलेली वही मुलाच्या पायाखाली आली होती म्हणून उचलली. उघडली. पहिल्या पानावर गोपाळकृष्णपंत. कार्डावर तेच. १४ एप्रिल — तिला बोलू देऊ नये. अक्षर माझं —

मी ऐकत बसलो. मी कळा दाबल्या —

ती उठली. पदर सारखा केला. गाडीची वेळ झाली म्हणते. कुठली गाडी ते तिला माहीत नाही. पायरी उतरली. ट्रक येताहेत. मूल इथं.

ती वळून बघेल. कुणी हाक मारली तर वळेल. अगं नाही. अगंला वळणार नाही, ती मला ओळखत नाही. नाव घ्यायला हवं. मोठ्यानं, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. तिचं नाव. तीन अक्षरं आहेत. पहिलं —